दारात अडकलेला शेमला

भाचीला लग्नमंडपात घेऊन जाण्याचा मान मामाचा, म्हणजे माझा होता. धाराशिवबाहेरच्या एका माळावर मंडप उभा होता आणि वरपक्षाने हौसेने हेलिकॉप्टर भाड्याने आणले होते. नवरीने मामासह शहरावरून एक फेरी मारावी आणि थेट मंडपासमोर उतरावे, असे ठरले. मला विचारले असते तर मी नको म्हटले असते. खरे तर विचारले होते. मीच मान डोलावली होती.

बसण्यापूर्वी वैमानिकाने बजावले, कानांवर हेडफोन लावायचा आणि त्यासाठी फेटा काढायचा. "सुटं कापड बाहेर गेलं तर शेपटीचा पंखा ते ओढून घेतो. मग मशीन माझ्या हातात राहत नाही."

मी फेट्याला हात घातला, तोच नवरदेवाचे काका हसत पुढे आले. "मामा, काय करता हे? बोडक्यानं नवरी आणणार व्हय मांडवात? ऱ्हाऊ द्या. लई रुबाबदार दिसायलाय."

नवरीच्या आईने, माझ्या बहिणीने, नजरेनेच मला थांबवले. व्याह्यांसमोर वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. मुहूर्त जवळ आला होता. वैमानिक नाराजीने म्हणाला, "मग शेमला तरी आत खोचा." फेट्याचे पाठीवर लोंबणारे ते टोक मी कोटात खोचले आणि हेडफोनशिवायच मागे, दाराशी बसलो. पलीकडे भाची. तिने हेडफोन लावला. कोणीतरी बाहेरून दार आपटले.

जमीन सुटली. वर पाहणारे चेहरे, टँकरने पाणी मारलेला माळ, सारे तिरके झाले. भाची तिच्या काचेतून दर्ग्याचा घुमट, एसटी स्टँड, दूरवरचा लेण्यांचा डोंगर दाखवत होती. तिचे ओठ हलताना दिसत. मला घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हते. आयुष्यभर भूगोल शिकवूनही मला खाली पाहवेना.

मग कोणीतरी मागून फेटा ओढत असल्यासारखे वाटले. वळून पाहिले. काचेबाहेर भगव्या कापडाची पट्टी फडफडत होती. वाकून चढताना शेमला कोटातून निसटला होता आणि दारात अडकला होता. वारा तो बाहेर खेचत होता आणि डोक्यावरचे पेच एकेक करून सैल होत होते. फेट्याचे कापड किती लांब असते, हे मला त्या क्षणी नको इतके आठवले.

मी कापड मुठीत धरले आणि वैमानिकाला हाक मारली. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंतही कधी नीट पोचला नव्हता. इथे तो मलाच ऐकू आला नाही. त्याच्याशी बोलू शकत होती ती फक्त भाची. हळदीच्या अंगाने बसलेल्या त्या मुलीला हे कसे सांगावे? मी घुटमळलो, आणि तेवढ्यात आणखी वीतभर कापड बाहेर गेले.

मी तिला कोपराने ढोसले आणि दाराकडे खूण केली. तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. ती हेडफोनमध्ये काही बोलली. वैमानिकाने एकदाच मागे पाहिले. वेग मंदावला, शहर हळूहळू वळू लागले. तिने माझ्या कानाशी तोंड आणले. "मामा, ते म्हणतात, सोडू नका. दाराला हात लावू नका. फक्त सोडू नका." मग तिने मेंदीचे दोन्ही हात माझ्या मुठीवर आवळले. परतीच्या वाटेवर मी दुसरे काहीही पाहिले नाही.

उतरलो तेव्हा बँड वाजत होता. पंखा थांबल्यावर वैमानिकाने दार उघडून कापडाचे टोक उचलले. त्याच्या नुसत्या दशा झाल्या होत्या. त्याने शेपटीच्या पंख्याकडे पाहिले.

"मामा, सोडा आता. उतरलो आपण," भाची म्हणाली. माझी बोटे उघडेनात. तिने ती एकेक करून सोडवली.

"फेटा कुठं गेला, मामा?" काका म्हणाले. "वर भ्यालात व्हय?"

"व्हय, भ्यालो," मी म्हणालो.

बहिणीने घाईने कोणाचा तरी फेटा पुढे केला. भाचीने तो आईच्याच हातात परत दिला आणि माझा हात धरला. तिला घेऊन मी बोडक्यानेच मंडपात गेलो.