डाव्या हाताचा नियम

सरनं मले फळ्यापाशी बोलावलं अन् माह्या डाव्या मनगटावर पेनानं निळी फुली मारली. म्हणाले, "उद्या साहेब येऊन राह्यले. काहीही विचारलं तरी हाच हात वर कराचा. उजवा केला त याद राख."

मी सातवीत होती. आमचं गाव जळगाव जामोदकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. साहेब म्हणजे शाळा तपासाले येणारे. सरची पद्धत ठरलेली. प्रश्न आला की साऱ्या वर्गानं हात वर कराचा. ज्याले येते त्यानं उजवा, ज्याले येत नाही त्यानं डावा. साहेबाले वाटे, सारा वर्ग हुशार. सर उठवत फक्त उजव्या हातवाल्याले.

पण उजवे कोण अन् डावे कोण, हे काही परीक्षा घेऊन ठरलं नव्हतं. शेतवाल्यायची लेकरं उजवी. आमच्या वस्तीतली, ज्यायचे मायबाप त्यायच्याच वावरात तण निंदाले जात, ती डावी. मी म्हणलं, "सर, मले येते." सर वर न पाहता म्हणाले, "काऊन वं, तुही माय इंग्रजीत निंदते काय?" वर्ग हसला. मीही हसली. आज त्याचीच जास्त चीड येते, की मी हसली.

येत होतं, खोटं नव्हती सांगत. सरचे चहाचे ग्लास धुवाचं काम माह्याकडं, म्हणून मले दारापाशी बसवलेलं. तिथं बाजूच्या वर्गाचंही ऐकू ये. नाम म्हणजे माणसाचं, गावाचं, वस्तूचं नाव. एकदा नाव घेतलं की घडीघडी नाही घ्याचं, त्याच्या जागी ही, शी, इट, दे. सुटीत मायच्या मागं वावरात जाताना मी मनात म्हणे, मदर, शी. विळा, इट. बांधावर बसलेले मालक, ही. असं करता करता साऱ्या गावाची सर्वनामं करून टाकली होती मी.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यायनं फळ्यावर इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. राहुल हॅज अ काऊ. राहुल लव्हज द काऊ. म्हणाले, "दुसऱ्या वाक्यात नामांच्या जागी सर्वनामं घाला." सारे हात वर झाले. माहा डावा.

सरनं पाटलाच्या पोरीले उठवलं. "शी लव्हज ही," ती म्हणली. साहेबानं मान हलवली, चूक. सरनं दुसऱ्याले उठवलं. तो नुसताच उभा राह्यला. मंग मी डावा हात खाली घेतला अन् उजवा वर केला.

साहेबानं पाह्यलं. "ती मुलगी सांगेल?"

"तिले नाही येत साहेब. मजुराची पोरगी हाय."

"बरं," साहेब म्हणाले अन् त्यायनं वही उघडली. एवढंच. मजुराची म्हणल्याबरोबर त्यायले पटलं, हे मले लई लागलं. "ही लव्हज इट," मी बसल्या जागी म्हणली. कोणी ऐकलं नाही.

साहेब गेल्यावर सरनं मले व्हरांड्यात उभं केलं. डावा हात वर. शाळा सुटेपर्यंत. आधी हात दुखला, मंग मुंग्या आल्या, मंग काहीच नाही. हात माहाच, पण कळे ना. रडूही आलं नाही. त्यानंतर कितीक वर्षं मले कोणाचं बोलणं लागलंच नाही. माय शेजारणीले सांगे, पोरगी शांत झाली. कायची शांत, बधिर झाली होती मी.

आज मी डोणगावकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. कंत्राटी. दरवर्षी हेडमास्तरनं शिफारस केली त पुढची ऑर्डर निघते. मागच्या महिन्यात ते म्हणाले, "मॅडम, सोमवारी तपासणी हाय. पोरायचा डावा-उजवा पक्का करून घ्या."

माह्या हाताले मुंग्या आल्या. इतक्या वर्षानं.

"नाही करणार सर."

"काऊन? सारेच करतात."

"करू द्या."

"तुमची ऑर्डर माह्या सहीनं जाते, ध्यानात ठेवा."

"ठेवलं," मी म्हणलं अन् वर्गात गेली. लेकरायले सांगतलं, ज्याले येते त्यानंच हात वर कराचा. ज्याले येत नाही त्यानं खाली ठेवाचा, मी परत शिकवीन.

सोमवारी तीस लेकरायतून अकराच हात वर झाले. साहेबाचं तोंड कडू झालं. तवापासून हेडमास्तर माह्याशी बोलत नाहीत. ऑर्डर निघंन का नाही, माहीत नाही. नाही निघाली त मायसारखी निंदाले जाईन, तेही येते मले. पण जोवर मी वर्गात उभी हाय, कोणत्याच लेकराच्या मनगटावर फुली पडणार नाही. अन् कोणी मारताना दिसला, त साऱ्यायसमोर त्याच्या हातातला पेन हिसकून घेईन.