माह्यं मन घेत नाई

आईने स्वतःच्या हाताने दही-साखर दिली आणि बाबा गेले.

हे वाक्य माझं नाही, आईचं आहे. वर्षभर ती हेच म्हणत आली.

आज तारखेने एक वर्ष झालं.

तुमच्यापैकी जे आमच्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या घरी येऊन गेलेत, त्यांना तिथला कारभार माहीत आहे. बाबा पाटबंधारे ऑफिसात क्लार्क होते. रिटायर झाले तरी डोकं ऑफिसातच. साधा मिक्सर घ्यायचा तर वर्ध्यातली दुकानं पालथी घालणार, वॉरंटीचा कागद शेवटपर्यंत वाचणार, दुकानदाराला घाम फोडणार.

आणि सगळं ठरलं की आई म्हणणार, "माह्यं मन घेत नाई."

संपलं. मिक्सर कॅन्सल.

कोणी बाहेरगावी निघालं की आई त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. तिचं मन घेत नसेल तर वाटी फ्रिजमधून बाहेरच यायची नाही. निघणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

तिचं मन नेहमी बरोबर असायचं असं अजिबात नाही हं. अमरावतीचं एक लग्न तिने असंच रद्द करवलं. ज्या बसने आम्ही जाणार होतो ती आरामात पोचली, आणि जेवण फार छान होतं हे नंतर सगळ्यांनी आवर्जून कळवलं.

माझ्यासाठी आलेलं एक स्थळही तिने मन घेत नाही म्हणून परत पाठवलं. तो माणूस आज माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. चांगला आहे. हे वाचेलही.

मग काही वर्षांपूर्वी बाबांच्या हार्टचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला. एक डॉक्टर म्हणाले करा, दुसरे म्हणाले करा. आई म्हणाली, मन घेत नाही.

निघायच्या सकाळी ती स्वयंपाकघरात पाठ फिरवून उभी राहिली. बाबांनी स्वतः फ्रिज उघडला, स्वतःच्या हातावर दही घेतलं. साखर सापडली नाही म्हणून नुसतंच खाल्लं.

"मनाले काय समजते? रिपोर्टले समजते. चल बेटा."

ऑपरेशन मस्त झालं. भेटायला सोडलं तेव्हा बाबा तिला म्हणाले, "तुह्यं मन फेल झालं."

"होऊ द्या फेल," आई म्हणाली, आणि वॉर्डभर पेढे वाटत सुटली. हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि मग मागच्या वर्षीचा आजचा दिवस.

बाबा पवनारला निघाले होते, ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे. इतक्या जवळ जायला कोणी दही देतं का? पण आई त्या दिवशी खुशीत होती. वाटी घेऊन आली, हसत दही-साखर दिली, लवकर या म्हणाली.

मित्राकडे चहा झाला. गप्पा चालू होत्या आणि बाबांनी खुर्चीतच मान टाकली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवी झाल्यावर पाहुणे गेले, तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"एवढं सगळं समजे मले. त्या दिवशी काऊन नाई समजलं व? मी तं हासत दही देल्लं त्याइले."

मी तिला समजावलं की शेवटचा चेकअप क्लिअर होता, रिपोर्टलाही काही कळलं नव्हतं. पण रिपोर्टने त्यांच्यासोबत संसार केला नव्हता ना.

त्यानंतर वाटी बंद झाली. ते वाक्यही बंद झालं.

भाजी कोणती करायची, साडी कोणती नेसतेस, आईचं सगळ्याला एकच उत्तर. तुम्ही सांगा.

दादा पुण्याला असतो. तो म्हणाला, आई, आता कायमची माझ्याकडे चल. आई म्हणाली, "तुमी म्हणान तसं."

दादाचं काहीच चूक नव्हतं. एकटं घर, बीपी, जिना. मी वर्ध्यातच राहते, पण बँकेची नोकरी, दिवसभर बाहेर. मीही हो म्हटलं.

पण जिने मिक्सर कॅन्सल करवला, ती बाई स्वतःचं घर सोडायला अशी निमूट तयार झाली. ते पाहून मला रडू यायचं.

तिथीने वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं. आज सकाळी दोघं निघणार होते. ऑटो दारात उभा होता, बॅगा पोर्चमध्ये.

आई आत गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला.

ती वाटी घेऊन बाहेर आली. मी आणि दादा एकमेकांकडे बघत राहिलो. तिने दादाच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तो म्हणाला, आई, तूही घे.

"मी कायले घेऊ? मी कुठं चालली?"

दादाने बीपी, जिना, एकटेपण सगळं पुन्हा एकदा शांतपणे मांडलं. अगदी बाबांसारखं. आईने पूर्ण ऐकून घेतलं.

"तुह्यं सगळं बरोबर आहे बेटा. पण माह्यं मन घेत नाई."

वर्षभराने ऐकलं मी हे वाक्य.

मी तिची बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.

दादाने हातावरचं दही खाल्लं, तिच्या पाया पडला आणि येतो म्हणून एकटा निघाला. स्टेशनवरून त्याचा मेसेज आला, तिचं तिकीट कॅन्सल केलं, लक्ष दे.

आता तिचं मन चुकलं तर? चुकेलही. जिना तोच आहे, बीपी तोच आहे.

होऊ द्या फेल. मी आहे ना इथे.

बाबा, इतकंच कळवायचं होतं. आई परत आली.

आणि तिला अजून सांगता आलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तिने हसत दिलेलं दही खाऊन तुम्ही निघालात. यापेक्षा चांगला निरोप आम्हा कोणाला देता आला नसता.

नमस्कार, बाबा.