सुदाम नगराळे आणि सगळ्या वाटांची बेरीज

नागपूरहून ट्रंक कॉल आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. मुलं लंबकाचे झोके मोजत होती. ऑफिसातले हेडक्लार्क कधी जिना चढत नाहीत, कुणालातरी पाठवतात. त्या दिवशी ते स्वतः वर आले आणि दारातच उभे राहिले. तेवढ्यावरूनच मला कळलं. "अन्वर सर... नगराळे सर गेले. सकाळीच." मी मुलांना म्हणालो, "लंबक थांबवा." का म्हणालो, ठाऊक नाही. त्यांनी थांबवले. कावीळ उतरली, आठ-पंधरा दिवसांत घरी सोडतील, असं आदल्या आठवड्यात दवाखान्यातून कळलं होतं. सुदामनं अजून चाळिशीही गाठली नव्हती. आता महिना होत आला. पुसदमध्ये त्याला गणिताचा मास्तर म्हणून सगळे ओळखत, पण तो आयुष्यभर कशाच्या मागे होता हे फार थोड्यांना माहीत आहे. ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहितोय.

आमची ओळख छप्पन सालची. दोघंही एम.एस्सी.ला नागपूरला आलेलो. तो घाटंजीजवळच्या खेड्यातला, गणिताचा. मी पुसदचा, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा, पदार्थविज्ञानाचा. वसतिगृहात आम्हांला एक खोली मिळाली, कारण त्याच्याबरोबर राहायला कुणी तयार नव्हतं आणि माझ्याबरोबरही नव्हतं. यावर आम्ही कधी बोललो नाही. सुदाम फक्त म्हणायचा, "खोली मोठी भेटली, बे." त्याच ऑक्टोबरात त्याच्या गावची माणसं दीक्षेसाठी नागपूरला आली. त्याची माय आणि आणखी चार बाया दुपारभर आमच्या खोलीत टेकल्या होत्या. मायनं बरोबर आणलेली भाकर आणि तिखटाचा गोळा मलाही दिला, आणि मी कोण, कुठला हे जेवण झाल्यावर विचारलं. दिवाळीत सुदाम घरी जाऊन आला तेव्हा सांगत होता, घरातली देवळी रिकामी आहे. मायनं देव फडक्यात बांधून नदीत सोडले, आणि त्याला म्हणाली, "आता कोनी सांगतलं म्हून मानाचं नाई. आपल्या डोक्यानं तपासून घ्याचं." हे सांगताना तो हसत होता, पण पुढे त्याच्याबरोबर राहून मला कळलं, की ते त्यानं फार मनावर घेतलं होतं.

ज्या विषयानं त्याला धरलं तो त्याला मीच दाखवला. ग्रंथालयात एका परदेशी मासिकाच्या बांधीव खंडात एका अमेरिकन शास्त्रज्ञाचा निबंध होता. इलेक्ट्रॉन इथून तिथं जातो, तर कोणत्या वाटेनं जातो? त्याचं उत्तर होतं : सगळ्या. सरळ वाट, वाकडी वाट, चंद्राला वळसा घालून येणारी वाटसुद्धा. प्रत्येक वाटेचा हिशेब धरायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. पुस्तकी मराठीत याला पथ-संकलन म्हणता येईल. सुदाम पुढे मुलांना हे लेझमीच्या उदाहरणानं सांगायचा. समजा, गावातल्या प्रत्येक गल्लीतून एकेक लेझीमवाला निघाला, सगळे चौकात यायचे. प्रत्येकजण आपल्या वाटेच्या लांबीप्रमाणे कुठल्यातरी पावलावर चौकात पोचणार. ज्यांच्या वाटा एकमेकांच्या जवळच्या आहेत आणि पावलंही जुळतात, त्यांचा आवाज चौकात घुमतो. बाकीच्यांचे ठेके एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. म्हणून मोठ्या वस्तू आपल्याला एकाच वाटेनं जाताना दिसतात. बाकीच्या वाटाही असतात, पण त्यांचा आवाज उरत नाही.

मी भारावून गेलो होतो. सुदामनं निबंध तीनदा वाचला आणि म्हणाला, "सुंदर हाये. पन ही बेरीज हाये कुठं?"

"म्हणजे?"

"वाटा किती? मोजता येत नाईत इतक्या. त्यायची बेरीज कराची तं प्रत्येकीले काहीतरी माप पाह्यजे. हे माप कोनी दाखवलं?"

"उत्तर बरोबर येऊन राह्यलं ना? मग कायले डोकं खातं?"

"उत्तर बरोबर येते, तं काहून येते हे नको पाहाले?"

हा वाद आमच्यात दहा-बारा वर्षं चालला. तो हट्टी होता, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाण्यात शाईचा थेंब टाकला तर तिचा एकेक कण कसा वेडावाकडा भटकत जातो, त्या सगळ्या भटकंतीची बेरीज गणितानं आधीच नीट बांधलेली होती. तिथं प्रत्येक वाटेचं वजन धन असतं आणि सगळी वजनं मिळून एक होतात. इलेक्ट्रॉनच्या वाटांचं तसं नाही. तिथं वजन गोल फिरतं, कधी अधिक, कधी उणं, कधी गणितात ज्याला काल्पनिक म्हणतात तसं, आणि कुठलीच वाट दुसरीपेक्षा हलकी नसते. अधिक-उणे एकमेकांना खातात म्हणून बेरीज होते, एवढंच. अशा बेरजेला खाली जमीन आहे का, हा सुदामचा प्रश्न होता. जगात आणखीही काही लोक त्याच प्रश्नाशी झगडत होते, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एम.एस्सी.नंतर तो घाटंजीला हायस्कुलात लागला. सुशीलावहिनींशी लग्न झालं, त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पुढे पुसदला कॉलेज निघालं आणि आम्ही दोघं पुन्हा एका छताखाली आलो. दिवसभर त्रिकोणमिती शिकवून तो संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसायचा आणि पाटीवर लिहायचा. कागद नंतर, आधी पाटी. लिहिलेलं पुसलं जावं, असं त्याचं म्हणणं होतं. वहिनी मला म्हणायच्या, "अन्वरभाऊ, यायची ती बेरीज आमी जेवाले बसलो का मंधात येते." पण पाटी त्याच धुऊन ठेवायच्या आणि कुणी आलं की "आता नाई, ते कामात हायेत" असं दारातूनच सांगायच्या. ते काम काय आहे हे त्यांनी त्याच्याकडून समजून घेतलं होतं. मला पुष्कळदा वाटतं, माझ्यापेक्षा चांगलं.

त्याची युक्ती अशी होती. शाईच्या गणितात आणि इलेक्ट्रॉनच्या गणितात फरक फक्त एका संख्येचा. ती एकदम न बदलता किंचित कलती करायची. मग लांबलांबच्या वाटा थोड्या हलक्या होतात आणि सगळ्या वाटांना माप मिळतं. तिथून कल हळूहळू वाढवत इलेक्ट्रॉनपर्यंत पोचायचं. दोन-तीन वर्षं खपून त्यानं सिद्धता पुरी केली. नागपूरच्या एका गणित-परिषदेत ती मांडायला त्याला बोलावणं आलं. मुंबईच्या एका संस्थेत संशोधनाची एक जागा होती, तिथले लोक त्याचं भाषण ऐकायला येणार होते. घाटंजीकडची त्याची सगळी माणसं याकडे डोळे लावून बसली होती. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आपला सुदाम नागपूरच्या मंचावर उभा राहून शिकलेल्यांना शिकवणार आहे, एवढं कळत होतं.

मी बरोबर गेलो होतो. सकाळी सभागृहासमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. ऐकणाऱ्यांना सोपं पडावं म्हणून आधी एक लहान उदाहरण द्यावं, असं त्याच्या मनात आलं. प्रवासाचा वेळ दोन तुकड्यांत कापायचा आणि माप काढून दाखवायचं. निमंत्रणपत्रिकेच्या मागं त्यानं ते मांडलं. उणं-अधिक न पाहता नुसती वजनं मिळवली, तर प्रत्येक तुकड्याला एकापेक्षा जरासं जास्त येत होतं. त्यात विशेष काही नव्हतं. मग तीन तुकडे केले. मग त्याचा हात थांबला.

"अन्वर... तुकडा लहान केला तरी हे जरासं कमी नाई होत."

"मग?"

"तुकडे वाढवत गेलो का हे सारे एकमेकाले गुनल्या जातात. फुगतच जाते. त्याले अंत नाई." तो पत्रिकेकडे बघत राहिला. "म्हंजे माप नाईच. कल किती का थोडा असे ना... नाईच."

मी म्हणालो, तब्येत बिघडली असं कळवून टाकतो, घरी जाऊ. तो म्हणाला, "आन् लोकं येऊन बसले असतीन, त्यायले काय सांगू?" पत्रिका खिशात घालून तो उठला.

मंचावर जाऊन त्यानं आधी फळा पुसला. म्हणाला, "मी जे सिद्ध करायला आलो होतो, ते खरं नाही. आज सकाळी मला ते कळलं. ते खरं का नाही, हे मी सांगतो." सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी जरा तुटकपणेच विचारलं, "मग आमचा वेळ कशासाठी घ्यायचा?" सुदाम म्हणाला, "सर, ही वाट बंद आहे हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर माझी तीन वर्षं वाचली असती. इथं कुणीतरी याच वाटेनं निघालेलं असेल." आणि खडू उचलून त्यानं ते सकाळचं गणित मांडलं, दोन तुकडे, तीन तुकडे, मग कितीही. आवाज सुरुवातीला कापत होता. मग तो गणितात शिरला आणि कापायचा थांबला. शेवटी पुण्याकडचे एक वयस्क प्राध्यापक उठून त्याच्याजवळ आले. असा निष्कर्ष नुकताच परदेशात छापून आला आहे, असं त्यांनी सांगितलं. सुदामचा चेहरा पाहून ते म्हणाले, "तुम्हांला ठाऊक नव्हतं? मग तो तुमचाही आहे." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मुंबईची जागा मात्र दुसऱ्याला मिळाली.

परतताना तो घाटंजीला उतरून गावी गेला, मीही गेलो. माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. "झालं काय?" तिनं विचारलं. त्यानं जसं झालं तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"चूक कोनं काढली?"

"मीच."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "हातपाय धू. अन्वर, तू बी धू."

त्यानं हे सगळं सहज पचवलं असं मी म्हणणार नाही. त्या उन्हाळ्यात तो कुणाशी धड बोलत नव्हता. मी घरी गेलो तर क्रिकेटच्या गप्पा काढायचा, ज्यात त्याला काडीचा रस नव्हता. वहिनींनी पाटी धुऊन बाजेवर ठेवायचं मात्र सोडलं नाही. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी मी गेलो तर तिच्यावर अक्षरं होती. माप नाही हे तर ठरलं होतं. पण तुकडे मोजके ठेवले, तर प्रत्येक वेळी बेरीज होते, आणि तुकडे वाढवत गेल्यावर त्या उत्तरांची रांग कुठंतरी जाऊन स्थिरावते का, हा प्रश्न उरलाच होता. इलेक्ट्रॉनवर काम करणारी शक्ती फार उसळणारी नसेल तर स्थिरावते, हे त्यानं दाखवलं. लेख लहान होता, एका लहानशा मासिकात आला. तोवर परदेशात कुणीतरी याहून व्यापक काम करून ठेवलं होतं. हे कळलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "दुनिया मोठी हाये, बे. पन आपन बी त्याच रस्त्यानं चाललो होतो, नाई?"

शेवटचा भेटलो तो नागपूरच्या दवाखान्यात. डोळे पिवळे, हात बारीक झालेले. वहिनी बाहेर औषधाला गेल्या होत्या. मला वाटलं तो घराबद्दल काही सांगेल, लहानग्या लेकीबद्दल. ते त्यानं वहिनींशी बोलून घेतलं असावं. मला म्हणाला, "माझा शनिवारचा वर्ग बंद नको पडू देऊ." मी म्हणालो, तूच येशील महिन्याभरात. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी नजर खाली घेतली आणि "बरं" म्हणालो.

तो वर्ग अभ्यासक्रमातला नव्हता. कॉलेज सुटल्यावर ज्यांना हवं त्यांनी बसायचं, कोपऱ्यातल्या खोलीत. तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी तिकडे गेलो, वर्ग आता कसा चालेल हे मुलांना काय सांगावं याचा विचार करत. सहाजण आधीच बसले होते. बोलायला सुरुवात करणार तोच बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची कुसुम मेश्राम उभी राहिली. झरीकडच्या खेड्यातून आलेली, एरवी तोंड न उघडणारी मुलगी. म्हणाली, "सर, नगराळे सर दरवर्षी या महिन्यात एक सिद्धता मांडत होते म्हंतात. पूर्ण चुकलेली. अन् मांगच्या बाकावर जाऊन बसत होते. काही सांगत नव्हते. आमची या वर्षीची राह्यली."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

मी खडू घेतला. ती किंचित कललेली संख्या, वेळेचे तुकडे, सगळ्या वाटांना मिळालेलं माप... आठवेल तसं, त्याच्याच क्रमानं मांडत गेलो. लिहिताना मला जाणवलं, किती देखणी होती ती सिद्धता. कुठंही खोट दिसत नव्हती. शेवटची ओळ लिहून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाक बुटका आहे, गुडघे अडतात. एकानं तिसऱ्या ओळीवर शंका काढली, दुसऱ्यानं ती खोडली. खाली शिपाई दारं लावायला लागला, तरी कुणी उठेना. मग कुसुम फळ्याशी गेली, एक कोपरा पुसला, आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "थांबा. आधी दोनच तुकडे घेऊन पाहू."