छापील भाड्याचा माणूस

पैसे घेण्याआधी तो तिकीट माझ्या नाकापुढे धरायचा, किमतीवर नख टेकवायचा आणि म्हणायचा, "छापील आहे, शेटजी."

असा माणूस तुम्हीही कुठल्या तरी खिडकीत पाहिला असेल. सोलापूर स्टेशनावरच्या या तिकीटमास्तराशी मी सात-आठ वर्षं भांडलो. खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं वाहून मी धंदा उभा केला. भाव पाडल्याशिवाय मीठसुद्धा घेतलं नाही. पण दर आठवड्याला अक्कलकोटच्या बाजाराला निघालो की या खिडकीत हरायचो.

"मास्तर, कायमचं गिऱ्हाईक हाय मी. अर्धा आणा तरी सोडा की!"

"इल्ला." नकार तो कानडीतच द्यायचा. तेवढीच त्याची चैन.

मग एकदा भाडं वाढलं. नवी तिकिटं आली नव्हती. साहेबाच्या हुकमानं तो जुन्या तिकिटांवरचा आकडा तांबड्या शाईनं खोडून वर नवा लिहीत बसला होता.

"काय मास्तर, वाढवायला हात चालतो, कमी करायलाच लुळा पडतो व्हय?"

मागची रांग खदखदून हसली. तो कानापर्यंत लाल झाला. पण माझ्या तिकिटावरचा आकडा त्यानं वळणदारच काढला.

त्याची खिडकी ओस पाडायची, असं मी तिथंच ठरवलं. अक्कलकोटला नुकत्याच मोटारी सुरू झाल्या होत्या. आठ व्यापारी गोळा केले, मोटारवाल्याशी घासाघीस करून भाडं निम्म्यावर आणलं. तिथं तिकीटबिकीट काही नाही, पैसे रोख हातावर. आमच्यामागून सगळा बाजार मोटारीत बसू लागला. शेवटी रेल्वेनंही भाडं उतरवलं. मी मुद्दाम खिडकीशी गेलो.

"उतरलं का न्हाय, मास्तर?"

"उतरलं. आता माणसं आणा, शेटजी."

मी आणली नाहीत. मोटार अजून स्वस्त होती.

पुढं रेल्वेनं नोकर कमी केले, त्यात तो गेला. कपात सगळीकडेच चालली होती, माझा काय संबंध? हे मी बायकोला तीनदा ऐकवलं. तिनं विचारलं नव्हतं.

एका सकाळी तो मोटारअड्ड्यावर दिसला. हातात पत्र्याची ट्रंक. मैंदर्गीला, आपल्या गावी निघाला होता. तिथं रेल्वे जात नाही. मोटारवाल्यानं त्याला एका नजरेत जोखलं आणि दुप्पट भाडं सांगितलं. त्यानं मुकाट्यानं देऊनही टाकलं.

माझं टाळकं सरकलं. "अरे चोरा, माझा माणूस हाय ह्यो! काढ जास्तीचे!"

शिव्या देऊन पैसे परत काढले आणि त्याच्या कोटाच्या खिशात कोंबले. त्याचं लक्षच नव्हतं. मोटारवाल्यापुढे तळहात उघडा धरून तो तिकिटाची वाट पाहत उभा होता.