एक गाठ लाल, दोन गाठी हिरवी

मास्तर आले की आधी चपला काढायचे, मग मनगटावरचं घड्याळ, आणि मग उजव्या हाताचं बोट रुळावरून हलकेच फिरवायचे. बोटाला लागलेला काळा थर आम्हा सगळ्यांच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "बघा, काजळ. आदी पुसा, मग बोलू."

रूळ म्हणजे खेळण्यातल्या आगगाडीचे. दोन रुळांमध्ये जेमतेम बोटभर अंतर. सांगलीच्या हळदीच्या पेठेमागं शांतिनाथ पाटलांची वखार आहे, तिच्या माळ्यावर आम्ही पाचसहा जण दर रविवारी सकाळी जमतो आणि ही गाडी चालवतो. पन्नाशीची माणसं गाड्या खेळतात म्हणून हसू येत असेल तर खुशाल हसा. आमच्या घरचे रोज हसतात. पण तुमच्याही ओळखीत असा एखादा छंदिष्ट असेलच. त्याच्याकडं जरा लक्ष देऊन पाहिलंत तर मास्तर तुम्हाला अनोळखी वाटणार नाहीत.

ते कोरेगावहून पॅसेंजरनं यायचे. पहिल्या रविवारी आले तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. शांतिनाथांनी विचारलं होतं, "रेल्वेत होता काय?" त्यावर ते म्हणाले होते, "रेल्वेच्या कडंनंच जल्म गेला." आम्ही त्याचा स्टेशनमास्तर असा सोयीचा अर्थ लावला आणि त्यांना मास्तर म्हणायला लागलो. त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आमच्यातल्या दंतवैद्य बाई दाढेच्या साच्याचं प्लास्टर आणायच्या, त्याचे डोंगर व्हायचे. कीड कोरायच्या त्यांच्या हत्यारांनी आम्ही चाकांतला मळ काढायचो. वापरलेली चहापूड वाळवली की सातारी माती तयार. शांतिनाथांच्या पेढीतली खाली सांडलेली हळद वाळक्या गवताला रंग द्यायची. पण इंजिन अडलं की सगळे मास्तरांकडं बघायचे. ते पिशवीतून कापडाच्या चिंध्या काढायचे, स्पिरिटनं चाकं पुसायचे आणि इंजिन कानाशी धरून म्हणायचे, "बिघाडलं न्हाई, रुसलंय." मग एका लांब सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन तो दातेरी चाकावर टेकवायचे. कुणी हौसेनं बाटलीच उपडी करायला गेलं की त्याचा हात धरायचे. "त्याला न्हाऊ घालायचं न्हाई. नुसतं कुंकू लावायचं."

त्यांची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक तारेच्या टोकाला ते गाठ मारायचे. लाल तारेला एक, हिरवीला दोन. मी वीज कंपनीत नोकरीला, त्यामुळं तारांच्या बाबतीत मला फार कळतं असा माझा समज. मी म्हणायचो, "मास्तर, तारेला रंग असताना गाठ कशाला?"

"रंग फसवतो, वायरमन. गाठ फसवत न्हाई."

आम्हाला हे वाक्य फार आवडायचं. जुन्या माणसाचं शहाणपण म्हणून आम्ही ते नव्या मंडळींनाही ऐकवायचो.

मग साताऱ्याच्या एका शाळेनं आमची गाडी त्यांच्या सभागृहात मांडायचं आमंत्रण दिलं. आठ टेबलं जोडून मोठा घाट करायचा ठरलं. पाहुणे म्हणून निकम नावाचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर येणार होते. मला वाटलं, लोकांसमोर आपलं काम नीटनेटकं दिसलं पाहिजे. आदल्या आठवड्यात मी मास्तरांच्या सगळ्या गाठी कापल्या आणि तारा सरळ करून पट्ट्यांत बसवल्या. त्यांच्या बटणांच्या फळीवर लाकडी दांड्याचे सिग्नल होते. दांडा खाली म्हणजे पुढचा मार्ग मोकळा, आडवा म्हणजे थांबा. ते काढून मी एकेक इवला दिवा बसवला. एकच दिवा, तोच लाल होणार, तोच हिरवा होणार. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मास्तर त्या दिव्याकडं बराच वेळ बघत राहिले. "दांडा बरा हुता," एवढंच म्हणाले.

"आता जमाना दिव्यांचा आहे, मास्तर," मी म्हणालो आणि हसलो. तेही हसले. ते हसणं मला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

सभागृह मुलामुलींनी भरलं होतं. निकम पुढच्या रांगेत बसले होते, उंच, कडक इस्त्रीतले. मास्तर फळीपाशी उभे. डोंगराच्या पलीकडलं स्टेशन त्यांना दिसत नव्हतं, तिथली खबर त्यांना फक्त दिव्यावरून कळणार होती. पहिल्या तीन फेऱ्यांना मीच शेजारी होतो आणि बोलण्याच्या ओघात "लागला हिरवा" असं म्हणत होतो. चौथ्या फेरीला मला मुख्याध्यापिकांनी बोलावलं म्हणून मी बाजूला गेलो. डोंगराआड पॅसेंजर उभी होती, दिवा लाल होता. मास्तरांनी मालगाडी सोडली.

धडक तशी लहानच. पण शांतिनाथांचं काळं वाफेचं इंजिन, त्यांच्या मुलानं परदेशातून आणलेलं, टेबलावरून खाली फरशीवर पडलं आणि त्याचं धुराडं तुटलं. पोरांना वाटलं हाही खेळातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर खाली वाकले. धुराड्याचा तुकडा उचलून त्यांनी रुमालात बांधला, इंजिन शांतिनाथांच्या हातात दिलं. शांतिनाथ म्हणाले, "असू द्या हो, मास्तर." पण मास्तरांची नजर निकमांवर होती. चपला घालून ते बाहेर पडले ते परत आलेच नाहीत.

पुढच्या रविवारी माळ्यावर त्यांची वाट बघितली. त्याच्या पुढच्याही. फोन वाजायचा, उचलला जायचा नाही. आमच्यात कुणी रूळ पुसेना. मी घरी बसून त्या दुपारची मनातल्या मनात उजळणी करत राहिलो आणि हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. गाठी. दांडा. "रंग फसवतो." तिसऱ्या रविवारी मी कोरेगावला निघालो. निघण्याआधी निकमांना फोन केला. ते म्हणाले, "मीही येतो. मला त्या माणसाशी बोलायचंय."

मास्तरांचं घर बाजारपेठेतच निघालं. पुढं दुकान, मागं राहायची जागा. दुकानात शिलाई मशिनं होती. काही उघडी, काही पोत्यानं झाकलेली. कोपऱ्यात त्या सुया, तेलाच्या कुप्या, चिंध्यांचं गाठोडं. मास्तर एका मशिनवर वाकले होते. आम्हाला बघून ते उभे राहिले, पण या म्हणाले नाहीत. शेवटी त्यांच्या पत्नी, म्हणजे काकूच, आतून आल्या आणि त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या.

"गाठी मी कापल्या, दांडाही मीच काढला," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

मास्तर खाली बसले. हातातला पान्हा फिरवत राहिले.

"तुजी न्हाई रं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "मला लाल-हिरवं कळत न्हाई. जल्मापासनं. पोरगा हुतो तवा कळलंच न्हाई, समद्यास्नी असंच दिसत आसंल वाटायचं. रेल्वेची परीक्षा दिली, पास झालो. गावात पेढं वाटलं. मग डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक म्होरं धरलं. म्हनला, आकडा वाच. मला आकडाच दिसंना."

"मग?"

"मग काय. घरी सांगितलं, जागाच भरल्या न्हाईत. सासऱ्याचं मशिनचं दुकान हुतं, हितं बसलो. मशिनला रंग लागत न्हाई. दोरा गिऱ्हाइकाचा, कापड गिऱ्हाइकाचं." त्यांनी निकमांकडं पाहिलं. "तुमी बसला हुता, तुमच्याम्होरं लाल सिग्नल मोडला. ह्येंनी मला मास्तर म्हनायचं आन् मी म्हनून घ्यायचं. लय लाज वाटली."

निकमांनी खुर्ची जरा पुढं ओढली.

"मास्तर, मी एवढी वर्षं गाडी चालवली. एकट्याच्या डोळ्यावर मला कुणी कधी गाडी दिली नाही. सिग्नल दिसला की शेजारचा सहायक मोठ्यानं म्हणतो, हिरवा. मग मी मोठ्यानं म्हणतो, हिरवा. दोघांचं जुळलं तर पुढं. धड डोळ्यांच्या माणसांची ही तऱ्हा. तुमच्या शेजारी त्या दिवशी कुणी नव्हतं, एवढंच झालं."

मास्तरांनी पान्हा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मोठ्यानं म्हनत्यात?"

"मोठ्यानं. रोज. प्रत्येक सिग्नलला."

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबलेल्या मला दिसल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनाही आजवर ठाऊक नव्हतं. ट्रे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "म्हंजे बाजारातनं कायम कच्ची टमाटी आणता ते ह्येच्यापायी?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"आवं, मला वाटायचं तुमास्नी आंबट आवडतंया. पन्नास वर्सं आमटीत आंबट घालतिया मी."

"मला आंबट आजाबात आवडत न्हाई," मास्तर म्हणाले.

आधी निकम हसले. मग काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि मग मास्तर. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी मशिनच्याच चिंधीनं पुसलं आणि गालाला तेलाचा पट्टा ओढला गेला. काकूंनी तो पुसला नाही, नुसत्या बघत राहिल्या. माझ्या छातीवर तीन आठवडे ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून बाहेर ओसरीवर नेऊन ठेवावं तसं मला झालं. त्या दिवशी आम्ही जेवूनच निघालो. आमटी गोड होती.

पुढच्या रविवारी मास्तर आले. मी दांड्याचे सिग्नल पुन्हा बसवून ठेवले होते. तारांचे रंग त्यांनी मला विचारले, गाठी मात्र मला मारू दिल्या नाहीत, स्वतःच मारल्या. शांतिनाथांच्या इंजिनाला त्यांनी मशिनच्या पितळी नळीचा तुकडा कापून नवं धुराडं बसवलं. मूळचं चिकटवता आलं असतं, पण शांतिनाथ म्हणाले, "हेच राहू द्या. अख्ख्या जगात असं इंजिन आमचंच." निकमही दर रविवारी साताऱ्याहून यायला लागले. वाटेत कोरेगावला मास्तर त्यांच्या डब्यात चढायचे आणि माळ्यावर दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे. नवा माणूस आला की मास्तर आपणहून सांगायचे, "मला लाल-हिरवं कळत न्हाई. मशिनं दुरुस्त करतो. ह्ये खरं डायवर." एवढं सांगून झालं की त्यांचे खांदे सैल पडायचे. मास्तर हे नाव मात्र आम्ही बदललं नाही.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे फारच धरले. त्यांची मुलगी पाचगणीला एका शाळेत शिकवते, तिनं दोघांना कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. पाचगणीला रेल्वे नाही. मास्तर म्हणाले, "बरं झालं. जी काय आसंल ती माझीच आसंल." आता तिथल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी रूळ टाकलेत. स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या खोक्यांचे डबे केलेत. निकम महिन्यातून एकदा जाऊन येतात.

निघायच्या दिवशी मी कोरेगावला गेलो होतो. सामान गाडीत भरून झालं होतं, काकू मागं बसल्या होत्या, मुलगी घड्याळ बघत होती. मास्तर दिसेनात म्हणून मी स्टेशनात शोधायला गेलो. निकम आणि ते फलाटावरच्या बाकावर भडंग खात बसले होते. मिरजेकडून गाडी येत होती.

"मास्तर, घरचे थांबलेत," मी म्हणालो.

"जरा दम धर," ते म्हणाले.

गाडी आली, थांबली, सुटली. डबे एकामागून एक समोरून सरकत गेले. मास्तर गुडघ्यावर हात ठेवून बघत होते. शेवटचा डबा फलाटाबाहेर पडला. मागं उभ्या असलेल्या गार्डनं हात हलवला, बहुतेक कुणालाच नाही. मास्तरांनी हात वर केला, आणि रूळ मोकळे दिसायला लागल्यावर उठले.