खालाचा मंगळवार

खाला कोणाच्या गालावरून हात फिरवत नसे, कोपर फिरवायची. हाताला मिरची लागलेली असे ना! नवी बाई कामावर आली की कोपरानेच तिला कुरवाळून विचारायची, "कोणता गावनी शे तू, बेटा?"

नंदुरबारमधून बाहेर पडताना मिरचीच्या लालभडक पथाऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे बसून देठ खुडणाऱ्या बायकांकडे फारसं कोणी बघत नाही. मी त्यांच्यात चार हंगाम होते.

मी नुकतीच लागले होते तेव्हाची गोष्ट. पथारीवर नळ नव्हता. काठी गावाकडून आलेल्या एका बाईने रडणाऱ्या लेकीला उचललं आणि मिरचीचं बोट लेकीच्या डोळ्याला लागलं. पोर अशी किंचाळली की सगळ्यांचे हात थांबले. डोळा धुवायला थेंबभर पाणी नाही. खाला धावत रस्त्यावर गेली, एका रिक्षावाल्याची बाटली घेऊन आली. डोळा धुऊन झाल्यावर जागेवर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"नळ येत नई, तवलोंग मिरचीले हात लावानं नई."

तीन दिवस आम्ही तशाच बसलो. मालक म्हणाला, दुसऱ्या बायका आणतो. खालाने खुशाल आण म्हणून सांगितलं. "लई या. त्यासले बी डोया शेतस." आवाज ठाम होता, पण मी शेजारीच होते. मालक पाठमोरा होताच तिने माझ्या कानात विचारलं, खरंच आणेल का गं.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, नळ आला. पोरीचा डोळाही वाचला.

तेव्हापासून संक्रांतीनंतरचा पहिला मंगळवार 'आपला दिन'. दुपारी सगळ्यांनी काम थांबवायचं, नळावर हात स्वच्छ धुवायचे आणि खालाने आणलेला गूळ खायचा. एकदा मी तिला मे महिन्यातल्या कामगार दिनाबद्दल सांगितलं. ती विचारात पडली. "मे महिनामा तं पथारी खाली ऱ्हास, काम नई ऱ्हास," म्हणाली. मग हसली. "तरी त्यासले सांग, आम्हना बी एक शे."

गोष्ट मात्र ती स्वतः कधी सांगत नसे. नव्या पोरींना जुन्यांकडून ऐकायला लावायची आणि पुढच्या वर्षी त्यांनाच विचारायची, "सांग, त्या दिन काय व्हयनं व्हतं?" पोर अडखळली तर रागवायची. "मी कितला दिन पुरसू?"

गेल्या पावसाळ्यात खाला गेली. मी आता अंगणवाडीत असते, पण यंदा त्या मंगळवारी मुद्दाम पथारीवर गेले. गूळ होता. कळसाडीहून आलेली, खालाला कधी न पाहिलेली एक पोरगी गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीत खाला सहा फूट उंच होती आणि मालकाला बघून गडगडाटी हसली होती. कोणी दुरुस्ती केली नाही. मीही नाही.

गोष्ट संपली, गूळ संपला. मी उठायला लागले. बाकीच्या बसूनच होत्या.

"आते संडासनं बोलू," ती पोरगी म्हणाली. पथारीवर संडास अजूनही नव्हता.

ऑफिसच्या दारात मालकाचा मुलगा घड्याळ बघत उभा होता. पन्नास धुतलेले हात मांडीवर तसेच राहिले. थोड्या वेळाने तो खुर्ची उचलून आमच्यात बसायला येऊ लागला.