रसिमभाऊंची मागची चाकं

आमच्या गावात हिवाळी, म्हणजे बर्फावर न घसरणारे, टायर घ्यायचे म्हणजे आधी रसिमभाऊंना विचारायचं. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं मी टायरचं दुकान चालवते, पण मला कोण विचारतंय? मी फक्त जॅक लावायचा आणि पान्हा फिरवायचा. अक्कल रसिमभाऊंची, काळे हात माझे.

रसिमभाऊंनी अठ्ठावीस वर्षं डोंगरापलीकडच्या शहराची बस चालवली. बर्फात एकदाही घसरली नाही, असं ते सांगतात आणि रोज सांगतात. डेपोवाले दर ऑक्टोबरात बसला सहाच्या सहा टायर नवे घालायचे, हे तेवढं सांगायचं राहून जातं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅफेतली खिडकीजवळची खुर्ची पकडली. समोर तांब्याच्या भांड्यात कॉफी, जिभेखाली साखरेचा खडा आणि बाहेर येईल त्या गाडीच्या चाकांवर निकाल. उठून जायचे, टायर अंगठ्याने दाबायचे, नख रोवायचे, मग चक्क वाकून वास घ्यायचे. "जर्मन," म्हणायचे. जर्मन असला की पास.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं हो. पण त्यांच्या बायकोची, झुम्रेताताईंची, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार शहरात डायलिसिस. मध्ये घाट. एक खेप चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या तर श्वास पुरत नाही. इस्पितळाची व्हॅन फुकट न्यायची, तर या गृहस्थांनी सप्टेंबरात बायकोचं नाव यादीतून काढून टाकलं. का? "मी ड्रायव्हर असताना माझी बायको दुसऱ्याच्या गाडीत बसणार?" आता काय बोलणार!

त्याचं कारण होतं ऑगस्टातलं. ऑगस्टात आमची परदेशी गेलेली माणसं सुट्टीला येतात आणि येताना कॉफी, चॉकलेटं, कपड्यांचा साबण असं काय काय घेऊन येतात. झुम्रेताताईंच्या भावाने, एक्रेमने, जर्मनीहून दोन हिवाळी टायर आणले. दोनच, कारण डिकीत तेवढेच मावले. त्याच्या शेजाऱ्याने टाकून दिलेले. पण नक्षी काय खोल! रसिमभाऊ त्यातला एक टायर कडेवर घेऊन कॅफेभर फिरले, पहिलं नातवंड दाखवावं तसे.

नोव्हेंबरात पहिलं दव गोठलं आणि माझ्या दारात गाड्यांची रांग लागली. रसिमभाऊ आले. शेजारी झुम्रेताताई, मांडीवर पिशवी, सुया टोचून टोचून गाठी आलेला हात शालीत गुंडाळलेला.

"पोरी, हे दोन पुढे घाल."

मी टायर फिरवून बाजूचे चार आकडे दाखवले. "भाऊ, हे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एकतिसावा आठवडा, साल दोन हजार आठ. चौदा वर्षांचं रबर आहे हे. नक्षी असेल खोल, पण दगड झालाय."

"ते कारखान्याच्या मशीनचे नंबर असतात."

"मी बावीस वर्षं हेच करतेय, भाऊ."

"आणि मी अठ्ठावीस."

झालं! आकडा मोठा म्हणून तेच खरे. मी म्हटलं, "बरं, पुढचं राहू द्या. मागचे दोन तर पार गोटा झालेत. मागच्या चाकांची पकड सुटली ना, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. चारही बदला. जमेल तेव्हा द्या पैसे."

"इंजिन पुढे, ओढतात पुढची चाकं," रसिमभाऊ रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मागची काय करतात? पुढची नेतील तिकडे गुमान येतात."

झुम्रेताताईंनी काच खाली केली. "मीही अडतीस वर्षं तेच करतेय," म्हणाल्या आणि काच वर केली.

रांग हसली. रसिमभाऊही हसले, त्यांना वाटलं कौतुक आहे.

आणि मी बसवले ते टायर. नाही म्हणून हाकलून द्यायला हवं होतं. नाही हाकललं. ते पलीकडच्या पंक्चरवाल्याकडे गेले असते आणि त्याने बसवलेच असते, असं मी स्वतःला सांगत राहिले. मला अजूनही त्याची लाज वाटते.

डिसेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी बर्फ पडला. सकाळी निघालेली त्यांची गाडी खिंडीखालच्या वळणावर गर्रकन फिरली आणि गावाकडे तोंड करून बर्फाच्या ढिगात रुतली. बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याने ओढून बाहेर काढेपर्यंत तीन तास गेले. इस्पितळात मशीन दुसऱ्याला दिलेलं. ताईंना चार तासांऐवजी दीडच तास मिळाला. मंगळवारी त्यांच्या पायात चप्पल जाईना.

आणि मंगळवारी कॅफेत काय चाललं होतं माहितीये? "पुढे रस्ता धोक्याचा दिसला," रसिमभाऊ सांगत होते, "म्हटलं, उगाच जोखीम नको. एका झटक्यात गाडी जागच्या जागी वळवली! अठ्ठावीस वर्षांचा हात आहे." ऐकणारे माना डोलावत होते. एकाने तर विचारलं, स्टेअरिंग नेमकं किती फिरवायचं? मी कॉफी तशीच टाकून बाहेर पडले. थांबले असते तर भांडं त्यांच्या डोक्यात घातलं असतं.

बुधवारी सकाळी नऊला झुम्रेताताई एकट्या माझ्या दुकानात आल्या. पायात नवऱ्याचे बूट, कारण त्यांचे स्वतःचे चढत नव्हते. चेहरा फुगलेला. चार शब्दांमागे एकदा थांबून दम घेत होत्या.

"शेफिका, तुझ्या गाडीला कुठले टायर?"

"हिवाळी. चारही सारखे, यंदाचे."

"व्हॅनमध्ये जागा नाही म्हणतात. नेशील?"

दारात तीन गाड्या जॅकवर चढवलेल्या होत्या. त्यांच्या मालकांना म्हटलं, बसा बोंबलत, आणि शटर ओढलं. ताई गाडीत बसतात न बसतात तोच रसिमभाऊ धापा टाकत आले, थेट घरातल्या सपाता घालून, बर्फातून. त्यांचे बूट बायकोच्या पायात होते ना!

"झुम्रेता, उतर! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, रसिमची बायको जिवंत आहे."

मग काय वाटलं कोण जाणे, मागचं दार उघडून आत बसले. ओल्या सपाता, मांडीवर हात.

पण गप्प बसतील तर ते रसिमभाऊ कसले! गाव संपायच्या आत सुरू झालं. "गियर खाली घे. अगं, ब्रेक नको. डावीकडून घे, तिकडे बर्फ दाबलेला असतो. आमच्या वेळी..."

"रसिम," ताई मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "मागच्या चाकाने गुमान यायचं असतं."

मला हसू फुटलं. आरशात बघितलं तर ते हसत नव्हते. खिंडीखालचं वळण जवळ येत होतं. कडेला परवाचा तो बर्फाचा ढीग, त्यात गाडीच्या मागच्या बाजूचा खड्डा अजून तसाच. आणि त्या खड्ड्यापलीकडे हातभर जागा सोडली की थेट दरी. कॅफेत याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

रसिमभाऊंनी दोन्ही हातांनी बायकोच्या सीटची पाठ धरली.

"झुम्रेता," त्यांचा आवाज ओळखू येईना, "मी नव्हती वळवली गाडी. ती आपोआप फिरली. मला काही सुचलं नाही. मी डोळे मिटून घेतले."

"माहितीये," ताई म्हणाल्या. "माझे उघडे होते."

मी दुसऱ्या गियरवरच, सावकाश, ते वळण घेतलं.